खळ, कागद आणि तीन वर्षांचे हात

वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांसोबत घरात काय करावं, असं विचारणारी पत्रं या वेळी ढिगानं आली. त्यातली निम्म्याहून जास्त पत्रं 'केलं, पण फसलं' अशी आहेत. म्हणून फसलेल्यांना आधी घेतलं आहे. विकतचं सामान शक्यतो टाळलंय. घरात असतं किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, तेवढ्यावरच भागवलंय.

साडेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन कागदाचा साधा आकाशकंदील केला. पहिल्या वेळी पट्ट्याच सुट्या होऊन हातात आल्या. दुसरा जमला, पण टांगल्यावर त्याचं पोट आत गेलं आणि सरळ नळकांडं झालं. काय चुकतंय? (सांगली)

दोन्ही चुका नेहमीच्या आहेत. पट्ट्या सुट्या झाल्या, कारण कापायला सुरुवात उघड्या कडेकडून झाली. कात्री कायम घडीच्या बाजूनं आत जायला हवी. पोट आत गेलं, कारण आतलं नळकांडं घातलं नाही किंवा बाहेरच्या कागदाइतकंच उंच घातलं.

ए-फोर मापाचा, जरा जाड रंगीत कागद घ्या. घोटीव कागद झिरमिळ्यांना छान, पण कंदिलाच्या अंगाला लेचापेचा पडतो. लांब कडा एकमेकींवर येतील अशी घडी घाला. आता घडी घातलेला कागद साडेदहा सेंटिमीटर रुंद होईल. उघड्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारा. ही थांबायची रेघ. घडीकडून या रेघेपर्यंत दर दोन सेंटिमीटरवर काप द्या. कागद उघडून आखूड कडा एकमेकींवर एक सेंटिमीटर चढवून चिकटवल्या, की बाहेरचं अंग तयार. त्याची उंची २१ सेंटिमीटर.

आतल्या नळकांड्यासाठी दुसऱ्या रंगाचा तेवढाच कागद घ्या, पण उंची १७ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे चार सेंटिमीटर कमी. बाहेरच्या अंगाची वरची पट्टी आतल्याच्या वरच्या कडेला आणि खालची पट्टी खालच्या कडेला चिकटवा. जास्तीची चार सेंटिमीटर लांबी कुठंतरी जायलाच हवी, म्हणून पट्ट्या मधोमध दुमडून साधारण पाच सेंटिमीटर बाहेर येतात. हेच कंदिलाचं पोट. घडीचं टोक बाहेरच्या बाजूला आलंय ना, ते चिकटवण्याआधी बघा. उलट असेल, तर पट्ट्या आत वळतात आणि आतल्या कागदावर अडकतात. खालची पट्टी चिकटवताना गोल किंचित फिरला, तर कंदील पिळवटतो. तेव्हा दोन्हींचे सांधे एकाखाली एक ठेवा.

यात साडेतीन वर्षांच्या मुलीचं काम काय? आठ सेंटिमीटरचे सरळ काप तिला जमणार नाहीत, ते तुम्ही द्या. आतला कागद सपाट असतानाच तिच्याकडे द्या. बोटांचे ठसे, टिकल्या, जुन्या मासिकातले फाडलेले तुकडे, काय हवं ते त्यावर लागू दे. गुंडाळल्यानंतर सजवायला दिलं, तर कंदील चेपतो आणि मग मूल ओरडा खातं. झिरमिळ्या चिकटवणं पूर्णपणे तिचं काम: अडीच सेंटिमीटर रुंद, ३५ ते ४० सेंटिमीटर लांब आठ-दहा पट्ट्या. कमी-जास्त अंतरावर लागल्या, तर लागू द्यात. आत लहान एलईडी बल्ब सोडा. जुना तारेचा 'झिरो'चा बल्ब तापतो, कागदाच्या कंदिलात तो नको.

मुलगा चार वर्षांचा आहे. कात्रीत कागद कापला न जाता दुमडून अडकतो. मग तो चिडून कागद फाडून टाकतो. (ठाणे)

मुलाला दोष देण्याआधी कात्री आणि कागद तपासा. वर्तमानपत्र, घोटीव कागद, टिश्यू या लेच्यापेच्या वस्तू मोठ्यांनाही नीट कापता येत नाहीत. शिकण्यासाठी सगळ्यात उत्तम कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. ताठ, गुळगुळीत, आणि घराघरांत पडून असलेल्या. (त्यावरचे गणपती आधी आजी-आजोबांच्या परवानगीनं वेगळे काढून ठेवा, नाहीतर भलताच वाद व्हायचा.)

पूर्ण प्लास्टिकची कात्री फक्त मळलेली कणीक कापते. बोथट टोकाची, पण पोलादी पात्यांची कात्री घ्या. पात्यांमधला स्क्रू ढिला असेल, तर कागद मध्ये जाऊन दुमडतो; तो घट्ट करा. मूल डावखुरं असेल, तर उजव्या हाताच्या कात्रीत त्याच्या बोटांच्या जोरानं पाती एकमेकांपासून लांब जातात. अशा वेळी डावखुऱ्यांची कात्रीच हवी, कितीही सराव केला तरी दुसऱ्या कात्रीनं भागत नाही.

सुरुवात दोन सेंटिमीटर रुंद पट्टीनं करा, म्हणजे एका 'कच'मध्ये तुकडा पडतो. तुकडा पडल्याचा आनंद त्याला पुढच्या कचकडे नेतो. अंगठा वर, कोपर अंगाला टेकलेलं. अंगठा खाली वळला, तर त्याच्या समोर कागद जरा उंच धरा, हात आपोआप फिरतो. हे जमलं की कागदाच्या कडेला झालरीसारखे छोटे काप, मग स्केचपेननं मारलेल्या जाड सरळ रेघेवरून, आणि वळणाची रेघ सगळ्यात शेवटी. पडलेले तुकडे एका वाटीत जमवा. पुठ्ठ्यावर पणतीचा मोठा आकार काढून त्यात खळ लावून ते भरले, की भिंतीवर लावण्यासारखं काहीतरी होतं.

आमच्याकडे खळ घरीच करतात आणि मुंग्या, बुरशी लागू नये म्हणून आजी त्यात चिमूटभर मोरचूद घालते. नातवंडांना ती वापरायला दिली तर चालेल का? (चिपळूण)

नाही. मोरचूद विषारी आहे आणि या वयात बोट तोंडात जातंच. मोठ्यांच्या कामाची खळ वेगळी ठेवा, मुलांची वेगळी करा.

मुलांसाठी दोन मोठे चमचे मैदा पाव कप थंड पाण्यात गुठळी न राहता कालवा. दुसरीकडे पाऊण कप पाणी उकळा, कालवलेला मैदा त्यात ओता आणि मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत हलवा. पांढरटपणा जाऊन अर्धपारदर्शक चकाकी आली, की उतरवा. थंड झाल्यावर आणखी घट्ट होते, त्यामुळे गरम असताना जरा पातळच दिसली पाहिजे. गुठळ्या होतात त्या कोरडा मैदा थेट उकळत्या पाण्यात टाकल्यानं. झाकण लावून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते. बाहेर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, तेव्हा टाकून द्या. घरात कोणाला गव्हाची अॅलर्जी असेल, तर मैद्याऐवजी तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर.

खळ बोटानं लावू द्या. ब्रश दिला, की ढीगभर लागते, कागद भिजतो आणि सुकताना सुरकुततो. "एक थेंब, मग बोटानं पसरव" एवढी सूचना पुरते.

फ्लॅटच्या गॅलरीत किल्ला करायचा आहे. मागच्या वर्षी मातीला तडे गेले, अळीव भिजवून पेरले ते गोळा होऊन कुजले, आणि चार वर्षांच्या मुलाला "हात लावू नकोस" असं म्हणण्यातच दिवाळी गेली. (पुणे)

शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं, म्हणून हे उत्तर जरा लांब.

आधी किल्ला निवडा. बहुतेक घरांत राजगड किंवा रायगडासारखा डोंगरी किल्ला करायला घेतात. उंची आली, की विटांचा आधार, गोणपाट, गिलावा हे सगळं येतं आणि ते काम मोठ्यांचंच होऊन बसतं. राजगडाला बालेकिल्ल्याखेरीज पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. चार वर्षांच्या मुलाच्या धीराबाहेरचं ते प्रकरण. त्याऐवजी जलदुर्ग करा. मालवणसमोरचा सिंधुदुर्ग, ज्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं, तो सपाट बेटावर आहे. उंची नाही, फक्त वळणावळणाची तटबंदी आणि बुरूज. तटबंदी वाकडी झाली, तरी खरीही नागमोडीच आहे!

साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटरचा कड असलेला ट्रे किंवा जुनी परात घ्या. पाच-सहा किलो माती पुरते. तडे गेले, कारण एक तर माती काळी असावी किंवा नुसती शाडू. दोन्ही सुकताना आकसतात. तीन भाग लाल मातीला एक भाग वाळू घाला आणि थर हळूहळू सुकू द्या, गॅलरीच्या थेट उन्हात नको. माती मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळून घ्या. हे काच, खिळे, दगड काढण्यासाठी, आणि ते तुमचंच काम.

पाणी किती? मूठ दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर तटबंदीला ठीक. बोटांना चिखल लागून येत असेल, तर पाणी जास्त झालं. बुरुजांसाठी स्टीलची छोटी वाटी किंवा फुलपात्र घ्या, आतून किंचित ओलं करा, माती ठासून भरा, उलटं करून बुडावर दोनदा थोपटा. मूल हे वीस वेळा करेल. करू द्या. बुरूज मोडला तर माती परत वाटीत जाते. तटबंदी म्हणजे हातानं वळलेली लांब वळी, तीन सेंटिमीटर जाड, ट्रेमध्ये वळवत मांडायची आणि बोटांनी चिमटे काढत वर चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, पाडायच्या. आइस्क्रीमची काडी आडवी दाबत गेलं, की पायऱ्या. दरवाज्यासाठी काड्यापेटीचं आतलं खोकं.

समुद्रासाठी खरं पाणी नको. दोन दिवसांत गढूळ होतं आणि डास येतात. निळा कागद किंवा निळी प्लास्टिकची पिशवी पसरून कडेला वाळू टाका.

आता अळीव. अळीव भिजवायचे नसतात. त्यांना पाणी लागलं, की सभोवती बुळबुळीत आवरण येतं, सगळे एकमेकांना चिकटतात आणि गोळ्याच्या आत हवा न मिळून कुजतात. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा, एका ट्रेला दोन चहाचे चमचे पुष्कळ. तोच बुळबुळीतपणा मग उपयोगी पडतो, उतारावरही दाणे धरून राहतात. मूल मुठीनं टाकतं, म्हणून मिठाच्या भोकांच्या डबीत भरून द्या. वरून मग्यानं पाणी ओतलं तर सगळे वाहून खड्ड्यात जमतात; फवाऱ्यानं किंवा ओला हात झटकून दिवसातून तीनदा पाणी. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारची फेरी चुकवू नका. दोन-तीन दिवसांत मोड, पाच-सहा दिवसांत हिरवळ. म्हणजे वसुबारसेला हिरवा किल्ला हवा असेल, तर आदल्या आठवड्यात पेरणी.

फवारा मारणं हे मुलाचं रोजचं काम ठरवून द्या. हल्ली दुकानात मिळणारे बोटभर मावळे घरात दोन वर्षांचं भावंड असेल, तर वरच्या फळीवरच. मातीत काम झालं, की साबणानं हात, नखांसकट.

विकतच्या मातीच्या पणत्या मुलांकडून रंगवून घेतल्या. पेटवल्यावर रंगाचे पोपडे आले आणि तेल बाहेर झिरपलं. (अहिल्यानगर)

पणतीची माती सच्छिद्र असते, तेल पिते. म्हणून जुन्या बायका पणत्या आधी दोन-तीन तास पाण्यात बुडवून, निथळवून मग वापरतात. पण रंगवायची पणती मात्र खडखडीत कोरडी हवी. तेव्हा क्रम असा: भिजवा, एक-दोन दिवस सुकवा, मग रंगवा. रंग फक्त बाहेरून, आणि कडेपासून एक सेंटिमीटर सोडून. आत आणि वातीच्या चोचीला रंग नकोच. पोस्टर कलर तेल झिरपलं की सुटून निघतात, अॅक्रिलिक हे प्लास्टिक असतं, ज्योतीजवळ वास सोडतं.

सगळ्यात बरा गेरू. दोन चमचे गेरू, तीन चमचे पाणी आणि अर्धा चमचा पांढरा डिंक. त्यावर खडूच्या भुकटीचं घट्ट पांढरं पाणी करून इअरबडनं ठिपके. तीन वर्षांच्या मुलाला ब्रशनं रेघ जमत नाही, पण इअरबडचे ठिपके जमतात. आणि गेरूवर पांढरा ठिपका कसाही पडला तरी वारलीसारखा दिसतो. एवढं करूनही रंगवलेल्या पणतीत तेल-वात न घालता ती शोभेला ठेवलेली बरी. दाराशी लावायच्या साध्या वेगळ्या.

मग एलईडी पणत्या मुलांना द्याव्यात का? (त्याच पत्रात)

सेल कुठला आणि कसा बसवलाय, ते बघून. बऱ्याच स्वस्त पणत्यांत चपटा बटणसेल असतो आणि खालचं झाकण नखानं उघडतं. हा सेल गिळला, तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, मूल वरून ठीक दिसत असलं तरी. झाकणाला स्क्रू नसेल तर ती पणती मुलांच्या हाती नको. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, वाट बघू नका, एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा. बाकीच्या कलाकुसरीत चूक झाली तर कागद फुकट जातो, इथं तसं नाही. म्हणून स्वतंत्र लिहिलं.

आम्ही न्यू जर्सीत असतो. इथं पणत्या मिळतात त्या महाग. मैदा-मिठाच्या पिठाच्या करून ओव्हनमध्ये भाजल्या, तर फुगल्या आणि तडकल्या.

पिठाची पुडी बघा, बहुधा 'सेल्फ रायझिंग' असेल. त्यात फुगवणारी पावडर आधीच असते. साधं ऑल पर्पज पीठ घ्या: दोन कप पीठ, एक कप बारीक मीठ, पाऊण कप पाणी. पाणी थोडं थोडं घाला, पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट ठेवा आणि निदान पाच मिनिटं मळा. जाडी एक सेंटिमीटरच्या आतच. ओव्हन २०० अंश फॅरनहाइटवर, दोन ते तीन तास, मध्ये एकदा उलटवून. तडे जातात ते जास्त आचेमुळे: वरचा थर आधी टणक होतो आणि आतली वाफ त्याला फोडते.

मुलांना चव बघू देऊ नका. मीठ इतकं असतं की लहान पोटाला आणि घरातल्या कुत्र्याला दोघांनाही धोका. या पणतीत खरी ज्योतही नको.

हेच रत्नागिरीत किंवा मुंबईत करणाऱ्यांसाठी: मीठ दमट हवेतलं पाणी ओढतं, पणती आठवड्यात घाम फुटल्यासारखी ओली होते. पूर्ण वाळवून वार्निशचा हात मारला, तर थोडी टिकते. कोकणात सरळ मातीचीच घ्यावी.

रांगोळीची पूड मुलं फुंकतात, डोळ्यांत जाते. दुसरं काय देता येईल? (नागपूर)

तीन वर्षांच्या आतल्यांना झेंडूच्या पाकळ्या. तांदूळ, डाळी त्यांना नको, नाकात जातात, आणि डाळ ओलसर होऊन फुगली तर काढणं अवघड होतं.

चार-पाच वर्षांच्यांना रंगीत तांदूळ. एक कप तांदळाला एक चहाचा चमचा व्हिनेगर, पाव चमचा खाण्याचा रंग, घट्ट झाकणाच्या डब्यात मुलाकडून खुळखुळवून घ्या. ताटात पसरून तासाभरात सुकतात. व्हिनेगरऐवजी पाणी घातलं तर दाणे चिकट होतात आणि रंग बोटांना लागतो. जमिनीवर बांगड्या मांडा, एका बांगडीत एक रंग. चिमटीनं भरून झालं की बांगडी सरळ वर उचलायची, सरकवायची नाही. तांदूळ नंतर डब्यात भरून पुढच्या दिवाळीपर्यंत राहतात, फक्त खिचडीच्या डब्याजवळ ठेवू नका.

भाऊबिजेला मोठ्या भावाला द्यायला चार वर्षांची मुलगी स्वतः करू शकेल असं भेटकार्ड? (नाशिक)

हळदीचं करा, तिला जादू वाटेल. एक चमचा हळद पाव कप कोमट पाण्यात, स्पंजानं जाड पांढऱ्या कागदावर, सावलीत अर्धा तास. मग दोन चमचे पाण्यात साबणाचा छोटा तुकडा विरघळवून इअरबडनं चित्र काढायचं. इअरबड लागेल तिथं पिवळ्याचं तांबडं होतं. खाण्याच्या सोड्यानंही होतं, रंग जरा फिका. बेकिंग पावडर मात्र चालत नाही, त्यात आम्ल असतं. चुन्यानं सगळ्यात लाल येतं, पण चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून या वयात चुना नाही. चुकलेल्या जागी लिंबाचा थेंब: परत पिवळं. कार्ड उन्हात ठेवलं तर काही दिवसांत फिकं पडतं. कपड्यावरचा डाग साबण लावताच लाल होतो, घाबरू नका, धुऊन उन्हात वाळवा.

लक्ष्मीची पावलं छोट्यांकडून कशी काढून घ्यायची? छापे वापरायचे नाहीत. (कोल्हापूर)

मुठीनं. चार मोठे चमचे तांदळाचं पीठ, चार-पाच चमचे पाणी, भज्याच्या पिठाइतकं सरसरीत, पसरट ताटलीत पातळ थर. मूठ मिटून करंगळीकडची बाजू त्यात टेकवायची आणि जमिनीवर ठसा. हे झालं पाऊल. त्याच्या पुढे बोटाच्या टोकानं पाच ठिपके, ठशाची खोलगट बाजू जिकडे तिकडे मोठा अंगठा. एकदा डावी मूठ, एकदा उजवी. पीठ पातळ झालं तर ठशाचे ओघळ येतात, ताटलीत खोल असेल तर मूठ पूर्ण माखून नुसता गोळा उमटतो. बोटं घराच्या आतल्या दिशेनं यायला हवीत, आणि मूल उलटं चालत बाहेर जातंय की आत, ते सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर ते स्वतःच काढलेल्या पावलांवर बसतं. सुकल्यावर ओल्या फडक्यानं निघतं. रात्रभर ठेवलं तर मुंग्या येतात.